फोटोसाठी लांब जायच्या आधी घराभोवतीचं वर्तुळ फिरून घ्या

लँडस्केपची, म्हणजे निसर्गदृश्यांचे फोटो काढायची, आवड आहे असं कळलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, चांगले स्पॉट कुठले? आणि मी दर वेळी उलट विचारते की तुझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या आत काय काय आहे ते आधी सांग, तर बहुतेक जण म्हणतात, छे गं, इथं कुठं काय, इथं सगळं साधंच आहे. मग मी विचारते की ते साधं पहाटे उजाडायच्या आधी कसं दिसतं? पाऊस नुकताच थांबल्यावर? ढग अगदी खाली उतरलेले असताना? याला उत्तर येत नाही, कारण त्या वेळेला तिथं कुणी गेलेलंच नसतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही गत लँडस्केपवाल्यांची जेवढी होते तेवढी क्वचितच कुणाची होत असेल.

जवळची जागा का, तर लँडस्केपमध्ये जागा ही अर्धीच गोष्ट आहे, उरलेली अर्धी म्हणजे प्रकाश, आणि प्रकाश तुमची सुट्टी, तुमचं बुकिंग बघून येत नाही. आकाश पेटतं ते कधीकधी पाच-सात मिनिटांसाठी. धुकं ऊन चढलं की विरतं. लांबच्या प्रसिद्ध जागी तुम्ही वर्षातून एकदा जाणार, त्या दिवशी जे हवामान असेल ते पदरात घेणार, आणि आजूबाजूला पन्नास ट्रायपॉड लागलेले असणार ज्यांच्या लेन्स एकाच दिशेला वळलेल्या आहेत. जवळच्या जागेचं तसं नसतं, दुपारी चार वाजता खिडकीतून ढग बघितले आणि वाटलं की आज काहीतरी होणार, तर साडेपाचला तुम्ही तिथं उभे असू शकता. आणि काही झालं नाही तरी काय बिघडलं, उद्या परत जाऊ. हे जे "उद्या परत" आहे ना, ते लांबच्या जागेला कुठल्याही किमतीत मिळत नाही.

आणि हे काही माझं एकटीचं वेड नाही. कॅमेऱ्यानं काढलेला, आजवर टिकलेला सगळ्यात जुना फोटो कुठला आहे माहितीये? निसेफोर निएप्स नावाच्या फ्रेंच माणसानं १८२६-२७ च्या सुमारास आपल्याच घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून काढलेला! छपरं, भिंती, मागे थोडं आकाश. एक्सपोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, इतक्या तासांचं होतं की ऊन दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडलेलं दिसतं, म्हणजे सूर्य तेवढ्यात पलीकडे सरकला. तर या कलेची सुरुवातच मुळात घराच्या खिडकीतून झालेली आहे. पुढे प्रागमध्ये योसेफ सुडेक नावाचा फोटोग्राफर होता, पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला होता, तरी मोठाले जड कॅमेरे घेऊन फिरायचा, आणि त्यानं १९४० ते १९५४ अशी सलग वर्षं आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले. काचेवर साचलेलं दव, पलीकडे बागेतलं एक वाकडं झाड, कधी बर्फ, कधी नुसते ओघळ. ती मालिका बघितली की "माझ्याकडे जागा नाही" हे वाक्य तोंडातून निघत नाही, निदान माझ्या तरी निघत नाही. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनचंही तेच, कॅलिफोर्नियात पॉइंट लोबोस म्हणून समुद्रकाठचा एक छोटासा भाग आहे, तो त्याच्या घराजवळ होता, १९२९ पासून १९४८ पर्यंत तो तिथं जात राहिला, खडक, मुळं, समुद्री शेवाळ, आणि त्यानं आयुष्यात काढलेला शेवटचा फोटोसुद्धा तिथलाच आहे.

आता प्रत्यक्ष शोधायचं कसं ते सांगते.

मी सुरुवात नकाशापासून करते. घर मध्ये ठेवून अर्ध्या तासाचं एक वर्तुळ मनात आखायचं आणि सॅटेलाइट व्ह्यूमध्ये त्याचा कोपरा न् कोपरा बघायचा. घाईघाईत झूम इन झूम आउट करून भागत नाही, निवांत एक संध्याकाळ द्यावी लागते. मी काय बघते तर सगळ्यात आधी पाणी, मग ते कितीही लहान असो, तळं, कालवा, जुनी खाण ज्यात पाणी साठलंय, नदीचं वळण. पाणी असेल तर आकाश दोनदा मिळतं. मग एकटी झाडं, जी वरून बघितलं तर मोकळ्या पट्ट्यात गडद ठिपक्यासारखी दिसतात आणि सकाळी-संध्याकाळी घेतलेली इमेज असेल तर त्यांची लांब सावलीही दिसते, त्या सावलीवरून झाड किती उंच आहे याचा अंदाज येतो. मग रेषा, म्हणजे बांध, पायवाटा, रेल्वेचा भराव, झाडांची रांग, आणि त्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते. पूर्व-पश्चिम जाणारी वाट असेल तर वर्षातल्या काही दिवसांत सूर्य बरोबर तिच्या टोकाला उगवणार किंवा मावळणार हे घरी बसूनच कळतं.

दुसरा नकाशा कंटूरवाला, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. हा फार कमी लोक बघतात आणि मला वाटतं की खरा खजिना यातच आहे. कंटूर रेषा जिथं एकमेकींना चिकटलेल्या तिथं उतार खडा, जिथं लांब लांब तिथं सपाट, आणि जिथं रेषा गोल बंद होतात ती टेकडी नाहीतर खड्डा. उंचवटा फार मोठा असायची गरजच नाही, आजूबाजूपेक्षा वीस-तीस मीटर वर गेलात तरी समोरचे थर वेगवेगळे दिसायला लागतात, पुढची झाडं, मागची झाडं, त्यामागची टेकडी, त्यामागची आणखी फिकी टेकडी. आणि खोलगट भाग तर नक्की खूण करून ठेवायचे, कारण थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली सरकत येते आणि अशा खोलगटात साचते, म्हणून धुकं पहिल्यांदा तिथं धरतं. म्हणजे जवळ एखादा खोलगट भाग आणि त्याला लागून थोडा उंचवटा अशी जोडी सापडली तर समजा लॉटरी लागली, वर उभं राहून खाली धुक्याचा थर बघायचा.

स्ट्रीट व्ह्यूचाही उपयोग होतो, पण मर्यादित, रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच दिसतं आणि कॅमेरा गाडीच्या टपावर असल्यामुळे कुंपणापलीकडचं जे तिथं दिसतंय ते तुमच्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. मी फक्त क्षितिज मोकळं आहे का आणि तारांचे खांब कुठून कुठे जातायत एवढं बघून घेते.

नकाशावर पाच-दहा पिना मारून झाल्या की मग रेकी, म्हणजे जागा आधी जाऊन बघून येणं. ही मुद्दाम भर दुपारी करा असं मी सगळ्यांना सांगते! दुपारचा प्रकाश चपटा असतो, फोटोचा मोह होत नाही, म्हणून जागा जशी आहे तशी दिसते. शिवाय पहाटेची सुंदर वेळ जागा शोधण्यात वाया का घालवायची, ती वेळ फोटोची. मी रेकीला मोठा कॅमेरा नेतच नाही, फोन पुरतो, फोननं जे काढते ते फक्त आठवणीसाठी, प्रत्येक फोटोबरोबर होकायंत्रानं दिशा बघून नोंद करते. उदाहरणार्थ "एकटं झाड, बांधावरून, तोंड २६० अंश, डावीकडे खांब." एवढ्यावर घरी येऊन कळतं की या फ्रेममध्ये सूर्य कधी येईल.

आणि चालायचं. गाडीतून जागा सापडत नाहीत, गाडीतून रस्त्याकडेच्या जागा सापडतात. चालताना सारखं थांबायचं, मागे वळून बघायचं, कारण जी वाट जाताना काहीच वाटत नाही ती परत येताना उजेड दुसऱ्या बाजूनं आल्यामुळे ओळखू येत नाही. खाली बसून बघायचं, गुडघ्याच्या उंचीवरून साधं गवत फोरग्राउंड, म्हणजे फोटोतला पुढचा भाग, होतं आणि मागचा सगळा पसारा त्याच्या आड जातो. दोन पावलं डावीकडे, दोन पावलं उजवीकडे. झाड आणि मागची टेकडी एकमेकांना चिकटून दिसतायत का, मग थोडं सरका म्हणजे दोघांच्या मध्ये आकाशाची एक फट येते आणि दोघांना श्वास मिळतो. या दोन पावलांनी फोटोत जो फरक पडतो तो महागड्या लेन्सनं पडत नाही, हे मी अगदी मनापासून सांगते.

बऱ्याच लोकांची अडचण असते की आमच्याकडे सगळीकडे इमारती, तारा, होर्डिंग, मोकळा निसर्ग उरलाच नाही. अशा ठिकाणी वाइड अँगल, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स, बाजूला ठेवा. लँडस्केप म्हणजे वाइड अँगल हे कुणी ठरवलं मला माहीत नाही पण ते खरं नाही. टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावा, ७० ते २०० मिलिमीटर, आणि त्या पसाऱ्यातून एक तुकडा उचला. लांबच्या टेकडीच्या कडेवरची तीन झाडं. छपरांच्या वर तरंगणारा धुक्याचा पट्टा. पाण्याच्या डबक्यातलं ढगाचं प्रतिबिंब. टेलिफोटोनं लांबचे थर एकावर एक रचल्यासारखे जवळ येतात आणि मधलं नको ते सगळं फ्रेमच्या बाहेर राहतं. काय ठेवायचं यापेक्षा काय बाहेर ठेवायचं यावर अशा जागी जास्त विचार करावा लागतो आणि त्यानं नजर फार पटकन तयार होते.

आता सूर्याकडे येते, कारण माझ्या मते लोकल लँडस्केपचं अर्धं काम सूर्याच्या हिशोबाचं आहे, आणि हा हिशोब एकदा जमला की मजा काही औरच.

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. हात सरळ लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते. म्हणजे क्षितिजाच्या वर एक मूठ सूर्य असेल तर तो मावळायला कमीत कमी चाळीस मिनिटं आहेत, आणि विषुववृत्तापासून जितके लांब जाल तितका तो तिरका उतरतो म्हणून वेळ अजून वाढतो. ट्रायपॉड लावायला, चहूकडे बघायला एवढा वेळ हातात आहे हे कळलं की धावपळ होत नाही.

मोठी गंमत दिशेची आहे. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही हे सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं पण फोटो काढताना कुणाला आठवत नाही. वर्षभरात उगवायची जागा क्षितिजावर किती सरकते, तर विषुववृत्तावर सुद्धा ४७ अंश, आणि ५० अक्षांशाच्या आसपास ७५ अंशांच्याही वर! म्हणजे एकाच तळ्याच्या एकाच काठावर उभं राहून सूर्य कधी डावीकडच्या झाडामागे तर कधी पार उजवीकडच्या टेकडीमागे. मार्च आणि सप्टेंबरमधल्या संपाताच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या, सुमारास ही जागा रोज साधारण सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी सरकते, आज दोन झाडांच्या मध्ये आहे तर उद्या-परवा झाडामागे गेला. आणि जून-डिसेंबरला, अयनाच्या दिवसांत, म्हणजे सूर्य उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या टोकाला पोचून परत फिरतो तेव्हा, कितीतरी दिवस तो जवळपास तिथंच उगवतो. यातून कामाची गोष्ट ही निघते की सूर्य प्रत्येक मधल्या जागी वर्षातून दोनदा येतो, अयनाच्या दिवसाआधी जितके दिवस, साधारण तितकेच दिवस नंतर. एखादी फ्रेम ढगांमुळे गेली तर तिची दुसरी तारीख कॅलेंडरवर लगेच लिहून ठेवता येते. फोटोपिल्स, फोटोग्राफर्स इफेमेरिस वगैरे नावांची अ‍ॅप आहेत ती हे सगळं नकाशावर रेषा मारून दाखवतात, ती जरूर वापरा, पण आधी एकदा हे डोक्यात बसवा, म्हणजे अ‍ॅप उघडायच्या आधीच कुठल्या महिन्यात कुठल्या जागी जायचं हे आपोआप सुचायला लागतं.

चंद्राचंही असंच. चंद्र आकाशात अर्धा अंश एवढाच असतो, वाइड अँगलनं काढला तर टिकलीएवढा दिसतो आणि मग लोक हिरमुसतात. मोठा चंद्र हवा असेल तर लांब जाऊन टेलिफोटोनं काढायचा, आणि हे "लांब" किती याचं सोपं गणित आहे, जी वस्तू चंद्राएवढी दिसायला हवी तिच्या उंचीच्या साधारण ११० पट लांब उभं राहायचं. वीस मीटर उंचीचं झाड असेल तर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास. मग पूर्ण झाड चंद्राच्या चकतीत मावतं. आता घराजवळच्या वर्तुळात अशी जागा शोधायची की जिथून ते झाड दोन किलोमीटरवरून मोकळं दिसतं, मध्ये काही आड येत नाही, आणि झाड उंचवट्यावर आहे. बघा, एका फ्रेमसाठी नकाशावर किती वेळ आनंदात जातो! आणि तारीख बरोबर पौर्णिमेचीच धरू नका, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चंद्र बहुतेक वेळा सूर्य मावळायच्या थोडा आधी उगवतो, तेव्हा जमिनीवर अजून उजेड असतो आणि चंद्र पांढरा फटक न होता त्याचे डाग दिसतात, जमीनही काळी पडत नाही. पुढे रोज तो सरासरी पन्नास मिनिटं उशिरा येतो.

हे आकाशाचं गणित किती नेमकं असतं याचं मला फार आवडणारं उदाहरण अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन लँडस्केप फोटोग्राफरचं आहे. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीच्या ग्लेशियर पॉइंटवरून त्यानं काढलेला उगवत्या चंद्राचा एक फोटो आहे, त्याची तारीख बरीच वर्षं नीट माहीत नव्हती. टेक्सासमधल्या खगोलशास्त्रज्ञांनी चंद्राची जागा आणि डोंगरावरच्या सावल्या यावरून हिशोब मांडला आणि काढलं की तो १५ सप्टेंबर १९४८ च्या संध्याकाळचा आहे. मग त्यांनी हेही सांगितलं की चंद्र-सूर्याची जोडी १९ वर्षांच्या चक्रात त्याच तारखेला जवळपास तशीच परत येते, म्हणजे तीन चक्रं मोजली की १५ सप्टेंबर २००५, आणि त्या दिवशी खरोखर लोक कॅमेरे घेऊन तिथं जमले आणि चंद्र तसाच उगवला. या अ‍ॅडम्सनं योसेमिटी पहिल्यांदा १९१६ मध्ये पाहिलं, चौदा वर्षांचा असताना, साधा बॉक्स कॅमेरा घेऊन, आणि मग आयुष्यभर तिथं जात राहिला. आपल्याला त्याचे फोटो माहीत असतात, पण त्यामागे एकाच दरीत पुन्हा पुन्हा जाण्याची जी सवय होती तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

हवामानाबद्दल थोडक्यात. धुकं हवं असेल तर आदल्या दिवशी जमीन ओली झालेली, रात्री आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि हवेचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्याच्या, अगदी जवळ आलेलं, हे सगळं जुळलं तर अलार्म लावून झोपा. संध्याकाळचे रंग हवे असतील तर वर उंचावर पातळ, विखुरलेले ढग आणि पश्चिमेला क्षितिजाजवळ मोकळी फट, कारण सूर्य त्या फटीतून ढगांच्या पोटावर खालून उजेड टाकतो, फट नसेल तर वरचे ढग कितीही सुंदर असले तरी राखाडीच राहतात. पाऊस थांबल्या थांबल्या बाहेर पडा, हवेतली धूळ धुतली गेलेली असते आणि एरवी न दिसणाऱ्या लांबच्या टेकड्या कापून काढल्यासारख्या दिसतात. आणि ढगाळ दिवस असेल तर घरी बसू नका, झाडीत जा, उन्हाचे कवडसे नसले की जंगलातला गुंता निवळतो आणि हिरव्याच्या छटा दिसतात. आणखी एक, सूर्य मावळत असताना एकदा तरी त्याच्याकडे पाठ करून उभे राहा. समोर क्षितिजाजवळ निळसर गडद पट्टा वर येताना दिसतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा, तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली असते, हवेवर पडलेली. इतकी प्रचंड गोष्ट रोज स्वच्छ आकाशात घडते आणि सगळे कॅमेरे दुसऱ्या बाजूला असतात, मला याचं कायम नवल वाटतं.

आता प्रेरणा. जागा सापडणं आणि काढावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घराजवळच्या जागेच्या बाबतीत दुसरी जास्त अवघड जाते कारण सवयीनं डोळे मेलेले असतात. मी यावर चित्रकारांकडे जाते, फोटोग्राफरांच्या आधी. फ्रेंच चित्रकार मोने १८९० च्या सुमारास जिव्हर्नी या गावी त्याच्या घराजवळच्या शेतातल्या गवताच्या गंजी रंगवत होता, एकाच विषयाचे पंचवीसच्या आसपास कॅनव्हास, उजेड बदलला की हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घ्यायचा. त्या गंजी शेजारी शेजारी लावून बघा, गंज विसरायला होते आणि फक्त हवा दिसायला लागते, सकाळची, उतरत्या उन्हाची, बर्फातली. जपानी चित्रकार होकुसाईनं उलटं केलं, डोंगर एकच, फुजी, आणि तो वेगवेगळ्या जागांवरून, कधी लाटेच्या पोकळीतून, कधी मोठ्या पिंपाच्या गोल चौकटीतून. नाव छत्तीस दृश्यांचं, पण मालिका इतकी चालली की पुढे दहा वाढवून चित्रं ४६ झाली. तर तुमच्या वर्तुळात जी एक गोष्ट सगळीकडून दिसते, टेकडी, पाण्याची टाकी, उंच झाड, काहीही, तिला धरून हा खेळ सुरू करता येतो. मी केलाय, आणि यात वर्तुळातल्या अशा गल्ल्या आणि बांध पायाखालून गेले की जिथं एरवी जायचं काही कारणच नव्हतं.

अगदीच कोरडं वाटायला लागलं तर अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टीगलिट्झ आठवा. १९२० च्या दशकात तो घरच्यांच्या तळ्याकाठच्या घरी राहायला जायचा आणि तिथं त्यानं कॅमेरा वर आकाशाकडे वळवला, नुसते ढग, बऱ्याच फोटोंत जमिनीचा तुकडासुद्धा नाही. अशी कितीतरी चित्रं त्यानं वर्षानुवर्षं काढली. त्याला जागा लागलीच नाही.

इंटरनेटवर इतरांचे फोटो बघावेत का? बघावेत, पण क्रम महत्त्वाचा आहे असं मला ठामपणे वाटतं. आधी स्वतः जा, स्वतःचा फोटो काढा, आणि मग त्या जागेचे इतरांचे फोटो बघा. आधी बघितले की ती फ्रेम डोळ्यात जाऊन बसते आणि तिथं गेल्यावर पाय आपोआप त्याच दगडावर जाऊन उभे राहतात. स्वतःवर बंधनं घालून घेण्याचाही फायदा होतो, महिनाभर एकच लेन्स, किंवा फक्त उभ्या फ्रेम, किंवा फक्त सूर्य मावळल्यानंतरचा निळा उजेड. आणि माणसांशी बोला. पहाटे फिरायला येणारे, गुरं चारणारे, मासे धरणारे, यांना धुकं कुठं बसतं, पक्षी कधी उतरतात, पाणी कुठल्या महिन्यात आटतं हे कुठल्याही अ‍ॅपपेक्षा जास्त माहीत असतं आणि कॅमेरा गळ्यात बघून ते स्वतःहून सांगतात.

एक-दोन गोष्टी मात्र कळकळीनं सांगायच्या आहेत. शेतात, खाजगी जमिनीत विचारल्याशिवाय पाय ठेवू नका, उभं पीक तुडवून काढलेल्या फोटोला माझ्या लेखी काही किंमत नाही. अंधारात निघणार असाल तर घरी कुणाला तरी नेमकी जागा सांगून जा, आणि पहिल्यांदा अंधारात जायची जागा आधी उजेडात पाहिलेली असावी, खाणी आणि पाण्याचे काठ तर नक्कीच. आणि नाजूक जागांचं लोकेशन टाकू नका. एखादा गवताळ माळ, फुलांचा पट्टा, पक्ष्यांची वसतीची जागा, तिथं दहा माणसं जाणं आणि हजार माणसं जाणं यात जमिनीच्या दृष्टीनं फार फरक असतो. मी फोटो टाकते, तो कसा काढला ते सगळं सांगते, कुठल्या प्रकारच्या जागेत असं मिळतं तेही सांगते, पिन देत नाही. काही जण यावर नाराज होतात, होऊ देत.

नोंदवहीत मी काढून झालेल्या फोटोंपेक्षा न झालेल्या फोटोंची यादी जास्त जपते. जागा, दिशा, काय काय जुळायला हवं, आणि पुढच्या तारखा. सध्या त्यात सगळ्यात वर आहे ते खोलगट भागाच्या पलीकडचं एकटं झाड, त्याच्या बरोबर मागे सूर्य उगवायला हवा, तो येतो संपाताच्या जवळच्या दोन-तीन दिवसांत, आणि त्याच सकाळी खाली धुकं हवं पण झाडाच्या शेंड्यापर्यंत चढलेलं नको. दिशा पक्की आहे, उभं राहायची जागा पक्की आहे, तिथपर्यंत पोचायला लागणारा वेळही माहीत आहे. पुढची तारीख सप्टेंबरमधली आहे, नाही जमलं तर मार्च. तुमच्या वर्तुळातल्या यादीत सगळ्यात वर काय आहे ते मला वाचायला खूप आवडेल, जागा कुठली ते सांगू नका, काय काय जुळायची वाट बघताय तेवढं लिहा.